धरणं सोपं, आणणं अवघड: चिपवरच्या प्रकाश-चिमट्याबद्दल

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करणाऱ्या विद्यार्थ्याने विचारलंय: "सिलिकॉनच्या चिपवर नुसत्या प्रकाशाने विषाणू पकडतात आणि ओळखतात, असं वाचलं. प्रकाशाला वजन नाही, मग तो धरतो कसा? लेझरने विषाणू भाजत नाही का? आणि हे पंधरा वर्षांपूर्वीच जमलेलं असेल तर आमच्या तालुक्याच्या लॅबमध्ये अजून का आलं नाही?"

तिन्ही प्रश्न चांगले आहेत, पण कळीचा प्रश्न तिसरा. या विषयात मी काही वर्षं परदेशात आणि नंतर पुण्यात काम केलं. एवढ्या काळात माझं मत एका जागी येऊन थांबलंय: कण धरून ठेवण्याचा भाग बऱ्यापैकी सुटलाय, त्या कणाला धरण्याच्या जागेपर्यंत आणायचा भाग सुटलेला नाही. बातम्या पहिल्या भागाच्या येतात. लॅबमधल्या रात्री दुसऱ्यात जातात. क्रमाने सांगते.

प्रकाशाला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो. एक मिलिवॉटचा झोत, म्हणजे फळ्यावर ठिपका दाखवायच्या लेझर पॉइंटरएवढा, एखाद्या कणाने पुरता गिळला तर कणाला सुमारे ३.३ पिकोन्यूटनचा धक्का बसतो. आकडा हास्यास्पद वाटेल, पण समोर कोण आहे ते बघा. ई. कोलाय जिवाणूचं वस्तुमान साधारण एक पिकोग्रॅम. त्याच्या वजनाच्या तीनशे पट हा धक्का आहे. आपल्याला कोणी आपल्या वजनाच्या तीनशे पट जोराने ढकललं तर प्रकाशाला वजन आहे की नाही, हा वाद आपण घालणार नाही.

पण हा झाला ढकलण्याचा जोर. धरायला ओढ लागते. ती समजायला शाळेतला कंगवा आठवा. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून त्याला चिकटतात. कपट्यांवर मुळात कसलाच भार नसतो. कंगव्याच्या विद्युतक्षेत्रामुळे कपट्यातले धन आणि ऋण भार जरासे बाजूला सरकतात, आणि कंगव्याजवळच्या टोकाला क्षेत्र जास्त तीव्र असल्याने त्या टोकाची ओढ जिंकते. लेझर हा असाच कंगवा आहे, फक्त त्याचं क्षेत्र सेकंदाला सुमारे २८० लाख कोटी वेळा उलटसुलट होतं. कणातले भारही त्याच तालावर उलटतात, म्हणून ओढीची दिशा काही बदलत नाही. जिकडे उजेड दाट, तिकडे कण. अट एकच: कणाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्याच्यात किती मंदावतो याचं माप, भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त हवा. जैविक कणांचा तो असतो, पण थोडासाच. हा 'थोडासाच' पुढे आपल्याला छळणार आहे.

हे जगाला दाखवलं न्यू जर्सीच्या बेल लॅब्समधल्या आर्थर ॲश्किन यांनी. १९७० साली त्यांनी लेझरने पाण्यातले सूक्ष्म गोळे ढकलून आणि अडकवून दाखवले, आणि १९८६ साली सहकाऱ्यांबरोबर एकाच झोताचा तो चिमटा केला, जो आज जगभरच्या लॅबमध्ये आहे. पुढच्या वर्षीची गोष्ट मला फार आवडते. तंबाखूच्या पानावर रोग पाडणाऱ्या विषाणूचं द्रावण ते तपासत होते. द्रावण काही दिवस तसंच राहिलं आणि त्यात आपणहून पोहणारे कसलेतरी कण सापळ्यात यायला लागले. ते जिवाणू होते. हिरव्या लेझरमध्ये ते मरायचे. या प्रकाराला ॲश्किन 'ऑप्टिक्यूशन' म्हणत, विजेच्या धक्क्याने देहदंड देण्याच्या इंग्रजी शब्दावरची ती कोटी. मग त्यांनी १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर घेतला आणि जिवाणू नुसते जगले नाहीत, सापळ्यातच त्यांची पिढी वाढली. ॲश्किन यांना नोबेल मिळालं २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या १९८७ सालात आहे. उरलेलं निम्मं चिपबद्दल आहे, ते पुढे.

आता चिप कशाला? भिंगाने झोत एकवटणारा ॲश्किन यांचा चिमटा असताना वेगळा खटाटोप का? कारण ही ओढ कणाच्या घनफळावर चालते. कण दहापट लहान झाला की ओढ हजारपट कमी. उलट बाजूला पाण्याचे रेणू कणाला सतत धक्के मारत असतात, आणि लहान कणाला त्यात जास्तच नाचावं लागतं. एक मायक्रोमीटरचा जिवाणू भिंगाच्या चिमट्यात निवांत बसतो. शंभर नॅनोमीटरचा विषाणू तिथे धरायचा तर लेझर इतका वाढवावा लागतो की बाकीचे प्रश्न उभे राहतात. आणि भिंगाने प्रकाश किती बारीक बिंदूत आणता येतो याला मर्यादा आहे. तरंगलांबीच्या साधारण निम्म्याच्या खाली तो जात नाही.

चिपवर मात्र प्रकाश पाटातून वाहतो. सिलिकॉनची एक पट्टी, साधारण ४५० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच. आपल्या केसाच्या जाडीत अशा शंभराहून जास्त पट्ट्या शेजारी शेजारी मावतील. हिला आम्ही वेव्हगाइड म्हणतो. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८, पाण्याचा १.३३च्या आसपास, त्यामुळे प्रकाश पट्टीतच कोंडून राहतो. पण पूर्ण नाही. शेतात पाटाने पाणी चाललं असलं की काठाची माती वीतभर ओली असते ना, तसा या पट्टीच्या बाहेरही शंभर-दोनशे नॅनोमीटर प्रकाशाचा ओलावा असतो. पट्टीपासून दूर जाल तसा तो झपाट्याने विरत जातो, आणि इथे सगळी गंमत या झपाट्याची आहे. ओढ ठरते ती प्रकाश किती आहे यापेक्षा तो किती अंतरात किती कमी होतो यावर. भिंगाला जो उतार अर्ध्या मायक्रोमीटरमध्ये मिळतो, तो चिपला शंभर नॅनोमीटरमध्ये मिळतो. जवळ आलेला कण पट्टीच्या अंगाला ओढला जातो आणि प्रकाश ज्या दिशेने वाहतो तिकडे ढकललाही जातो. पडद्यावर हे पहिल्यांदा बघाल तेव्हा विसरणार नाही: काळ्या पार्श्वभूमीवर न दिसणारी एक सरळ रेघ, आणि तिच्यावरून अंधूक ठिपके एकामागून एक घरंगळत चाललेत. बाकी सगळे ठिपके भोवताली वेड्यासारखे नाचतायत, एवढेच शिस्तीत.

जपानमध्ये कावाता यांच्या गटाने नव्वदच्या दशकातच पृष्ठभागालगतच्या या ओलाव्यावर कण सरकवून दाखवले होते. पुढे २००५च्या सुमारास सिलिकॉन नायट्राइडच्या पट्ट्यांवर यीस्ट आणि तांबड्या रक्तपेशी हलल्या. विषाणूच्या मापापर्यंत उडी मारली ती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, एरिक्सन आणि लिप्सन यांच्या गटांनी. २००९ साली त्यांनी पट्टीच्या मधोमध शंभरेक नॅनोमीटरची चीर ठेवली. प्रकाश अशा चिरेत दाटून बसतो, आणि कणही तिथेच जातो. ७५ नॅनोमीटरचे प्लास्टिकचे गोळे आणि डीएनएचे रेणू त्यांनी त्या चिरेत धरले. पुढच्या वर्षी त्याच परिसरात पट्टीला ओळीने भोकं पाडून प्रकाश एका जागी कोंडणारी रचना आली, आणि ५० नॅनोमीटरच्या आतले गोळेही थांबू लागले. कॅनडात रूवेन गॉर्डन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यात दोन भोकं एकमेकांना टेकतील अशी पाडली, आणि २०१२ साली त्यांच्या टोकांमधल्या फटीत अल्ब्युमिन प्रथिनाचा एकटा रेणू धरला. त्या रेणूची त्रिज्या ३.४ नॅनोमीटर. म्हणजे धरण्याच्या बाबतीत आपण विषाणूच्याही फार खाली गेलेलो आहोत.

धरलेला कण ओळखायचा कसा? सर्वांत साधं म्हणजे कॅमेरा. कण आला की तिथला प्रकाश विखुरतो आणि ठिपका दिसतो. दुसरा मार्ग विजापूरहून समजून घ्यायला सोपा पडतो. गोल घुमटाच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं, कारण आवाज वक्र भिंतीला धरून फिरतो. सी. व्ही. रामन यांनी १९२२च्या सुमारास भारतातल्या अशा कुजबुजत्या सज्जांवर लेख लिहिला, त्यात गोल घुमटही होता. काचेच्या सूक्ष्म गोळ्यात किंवा सिलिकॉनच्या कड्यात प्रकाश असाच काठाकाठाने हजारो फेऱ्या मारतो, पण नेमकी मापात बसणारी तरंगलांबी असेल तरच. काठावर विषाणू बसला की फेरीचा रस्ता नावापुरता लांबतो आणि मापात बसणारी तरंगलांबी किंचित सरकते. हे सरकणं मोजायचं. व्होल्मर आणि अरनॉल्ड यांनी २००८ साली इन्फ्लुएन्झाचे विषाणू असे एकेक करून मोजले, पायरी चढावी तसा आलेख एकेका विषाणूगणिक वर जात होता. पुढच्या वर्षी अरनॉल्ड यांच्याकडे असं दिसलं की कण गोळ्याला चिकटायच्या आधी त्याच्याभोवती गोल गोल फिरतायत. त्यांनी त्याला 'कॅरोसेल' हे नाव दिलं, आपल्या जत्रेतला गोल फिरणारा पाळणा. म्हणजे मोजणारा प्रकाशच त्यांना ओढत होता. धरणं आणि ओळखणं ही एकाच झोताची दोन कामं आहेत हे तेव्हा स्पष्ट झालं.

तिसरा मार्ग मला सर्वांत सुंदर वाटतो आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. धरलेला कण स्थिर नसतो, थरथरत असतो. ती थरथर त्याचा आकार, त्याच्या अंगावर काय बसलंय, हे सगळं सांगते. कॉर्नेलच्याच लोकांनी २०१५ साली चिपवर धरलेल्या मोकळ्या इन्फ्लुएन्झा विषाणूवर प्रतिपिंडं किती आणि कशी बसतात हे असं मोजलं. विषाणूला रंग लावला नाही, कुठे डकवला नाही. तुमच्या नेहमीच्या पद्धतीत प्रतिपिंड प्लेटवर डकवलेलं असतं आणि विषाणू त्याला येऊन अडकतो. पृष्ठभागाला डकवलेला रेणू मोकळ्या रेणूसारखाच वागेल, हे आपण तिथे गृहीत धरतो. इथे तसं काही गृहीत धरावं लागत नाही. आणि काम झाल्यावर लेझर बंद केला की विषाणू जसाच्या तसा परत पाण्यात.

भाजण्याचा प्रश्न. सुरुवातीच्या चिप्स १५५० नॅनोमीटरवर चालायच्या, त्यामागे जीवशास्त्र नव्हतं, टेलिफोनवाले होते. इंटरनेटच्या फायबरमध्ये हीच तरंगलांबी वापरतात, लेझर स्वस्त आणि सिलिकॉन त्याला पारदर्शक. पण पाणी हा प्रकाश १०६४च्या तुलनेत पन्नास पटींहून जास्त शोषतं. मग १०६४ का नको? कारण तिथे सिलिकॉन स्वतःच प्रकाश खातं. म्हणून पट्टीच बदलावी लागली, सिलिकॉन नायट्राइड घ्यावं लागलं. त्याचा अपवर्तनांक दोनच्या आसपास, म्हणजे प्रकाश तितका घट्ट कोंडत नाही, पकड थोडी सैल. विषाणूसाठी आणि प्रथिनांसाठी हा सौदा परवडतो. सोन्याच्या भोकांमध्ये पाण्यापेक्षा सोनंच तापतं, आणि तिथे तापमानाचा हिशोब न करता काढलेल्या निष्कर्षांवर माझा भरवसा नाही. थोडक्यात: योग्य पट्टी आणि योग्य तरंगलांबी असेल तर विषाणू भाजत नाही, पण "लेझर थोडा वाढवून बघू" या मोहाला लॅबमध्ये सगळेच बळी पडतात. मीही पडले आहे. पट्टीवर बुडबुडा उठतो आणि ती रात्र संपते.

आता तिसरा प्रश्न. यासाठी कागद-पेन घ्या.

समजा नमुन्यात एका मिलिलिटरला दहा लाख विषाणू आहेत. भरपूर वाटतात. एक मिलिलिटर म्हणजे एक लाख कोटी घन मायक्रोमीटर. भागाकार करा: प्रत्येक विषाणूच्या वाट्याला दहा लाख घन मायक्रोमीटर, म्हणजे सगळ्या बाजूंनी शंभर मायक्रोमीटरची एक खोली. आता आपला चिमटा किती मोठा? पट्टीचा दहा मायक्रोमीटरचा तुकडा घेतला, रुंदी अर्धा मायक्रोमीटर, वरचा ओलावा एक दशांश मायक्रोमीटर. गुणाकार अर्धा घन मायक्रोमीटर. खोली आणि चिमटा यांचं प्रमाण वीस लाखाला एक. गावची वीस लाख लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एकच मासा आहे, आणि तुमच्या हातात लिटरभराचा तांब्या. तांब्या कितीही चांगला असला, त्यात आलेला मासा त्यातून उडी मारू शकत नसला, तरी मासा तांब्यात येणार कधी?

आपोआप येईल, म्हणाल. पाण्यात शंभर नॅनोमीटरचा कण स्वतःच्या नाचण्याने किती सरकतो याचं गणित पाठ्यपुस्तकात आहे. शंभर मायक्रोमीटर खाली उतरायला त्याला सरासरी वीसेक मिनिटं लागतात. चिपवर नमुना वाहून नेणाऱ्या बारीक नळीतून, म्हणजे चॅनेलमधून, पाणी सेकंदाला शंभर मायक्रोमीटरने सोडलंत, जे मुळीच वेगवान नाही, तर एक सेंटीमीटरचं चॅनेल तो शंभर सेकंदांत ओलांडून टाकाऊ बाटलीत जाऊन पडतो. चिमट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पाणी हळू केलं तर दिवस जातो. जोरात केलं तर पट्टीजवळ आलेलाही कण प्रवाहाच्या रेट्याने सुटतो. चॅनेल उथळ करा म्हणाल तर ते एका धुळीच्या कणाने तुंबतं. लाळ, रक्तद्रव असल्या खऱ्या नमुन्यात धुळीची वाटही बघावी लागत नाही.

बरं, आला एकदाचा. तो धरलाय की चिकटलाय? या धंद्यातला रोजचा प्रश्न हा आहे आणि माझी पहिली मोठी फजिती याच्यावरच झाली. परदेशातल्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने एक व्हिडिओ दाखवला: पट्टीवर एकवीस कण. आमच्या सरांनी शांतपणे लेझरचं बटण बंद केलं. दोन ठिपके निघून गेले. एकोणीस तिथेच बसून राहिले, कारण ते तिथे डकलेले होते, प्रकाशाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

हे होतं मिठामुळे. काच, सिलिकॉन आणि बहुतेक विषाणू यांच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. पण पाण्यातले क्षार हा भार झाकून टाकतात. एक मिलिमोलर मीठ असेल तर ही दूर ठेवणारी गादी साधारण दहा नॅनोमीटर जाड असते. तुम्ही रोज वापरता त्या पीबीएसमध्ये, म्हणजे शरीराइतक्या खारट द्रावणात, ती एका नॅनोमीटरच्याही आत येते. प्रकाश कणाला पट्टीकडे ओढतो, गादी नाही, कण बसतो आणि उठत नाही. म्हणून प्रयोगशाळेतले देखणे व्हिडिओ बहुतेकदा जवळजवळ गोड्या पाण्यात काढलेले असतात. पण गोड्या पाण्यात पडदा असलेले कण, म्हणजे एक्झोसोम (पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या) किंवा कोरोनासारखे विषाणू, फुगतात, फुटतात. यावर उपाय म्हणून मिठाऐवजी साखर घालतात: दाब सांभाळला जातो, भार झाकला जात नाही. झकास. फक्त साखरेने पाण्याचा अपवर्तनांक वाढतो. मघाशी 'थोडासाच' म्हटलं ते इथे आडवं येतं. एक्झोसोमचा अपवर्तनांक १.३७ ते १.४०, म्हणजे तो आधीच पाण्याच्या इतका जवळ, त्यात पाणीच वर सरकलं की पकड आणखी सैल. सैल पकडीला उपाय म्हणून लेझर वाढवा, आणि बुडबुड्याकडे परत या.

जाहिरातीतले आकडे वाचताना म्हणूनच एक गोष्ट बघत जा: कण कशाचा होता? पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा गोळा आणि तेवढाच एक्झोसोम यांत गोळ्यावरची पकड सुमारे चौपट असते. गोळ्यांवर शंभर नॅनोमीटर जमलं म्हणून एक्झोसोमवर जमेल असं नाही.

आणि या सगळ्याच्या आधी प्रकाश चिपमध्ये घालायचा असतो. हे काम कोणी लेखात लिहीत नाही. केसाएवढं फायबर, त्याच्या टोकाला घासून केलेलं भिंग, समोर चिपची कड. टोक एक मायक्रोमीटर इकडेतिकडे झालं की प्रकाश अर्ध्यावर. तुम्ही श्वास रोखून स्क्रू फिरवता, मीटरचा आकडा वर जातो, हात काढता आणि आकडा पडतो, कारण हाताचं वजन निघालं म्हणून टेबलावरचा स्टँड सैलावला. पुण्यात आमच्या खोलीचा एसी थेट टेबलावर यायचा. दर वीस मिनिटांनी कॉम्प्रेसर चालू झाला की आकडा डुलायचा. शेवटी पुठ्ठ्याचं खोकं उलटं टाकून आम्ही फायबर झाकलं, आणि ते खोकं त्या खोलीतलं सर्वांत महत्त्वाचं उपकरण होतं असं मी आजही मानते. तालुक्याच्या लॅबमधल्या तंत्रज्ञाने हे दिवसाला साठ नमुन्यांसाठी करावं, ही अपेक्षा कोणी ठेवू नये. फायबर कायमचं चिकटवून दिलेल्या चिप्स मिळतात, पण मग नमुना बदलताना ती महागडी चिप फेकायची की धुवायची, हा प्रश्न येतो. धुतलेल्या चिपवर मागच्या रुग्णाचा विषाणू चिकटून नाही ना, हे कोण सांगणार?

समोर स्पर्धा कोणाशी आहे तेही बघा. पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ, घरच्या घरी कोविड तपासायचं किट, २०२१ साली २५० रुपयांना औषधाच्या दुकानात मिळत होतं. कागदाच्या पट्टीवर पाणी आपोआप चढतं, सोन्याचे कण रेघ उमटवतात, पंधरा मिनिटांत काम. जास्त बारकाई हवी तर पीसीआर आहे. तिथे मासा शोधत बसावंच लागत नाही, एकाचे कोट्यवधी करतात. "विषाणू आहे की नाही" एवढाच प्रश्न असेल तर प्रकाशाचा चिमटा या दोघांपुढे टिकत नाही, आणि मला वाटत नाही तो कधी टिकेल. कॉर्नेलच्या कामातून निघालेल्या कंपनीने 'नॅनोट्वीझर' नावाचं यंत्र बाजारात आणलं होतं. पुढे तिचा भर औषधाच्या द्रावणातले कण गाळणीच्या पडद्यावर साचवून मोजण्याकडे गेला. मी त्याला अपयश म्हणणार नाही. गाळणी सगळे कण एका जागी आणते, आणि आणणं हेच तर दुखणं होतं.

चिमट्याची जागा वेगळी आहे. प्रत्येक एक्झोसोम दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो; लाखोंची सरासरी काढली की फरक पुसला जातो. एकाच कणाला धरून त्याच्यावर तासभर दहा गोष्टी मोजायच्या असतील, मोकळ्या विषाणूवर औषध बसतंय का बघायचं असेल, तर याच्यासारखं साधन नाही. ही कामं मोठ्या संस्थेतली आणि औषध कंपनीतली आहेत, तालुक्याच्या लॅबची नाहीत.

आणण्याच्या प्रश्नावर काम चालू आहे, आणि तिथे मला खरा जिवंतपणा दिसतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जस्टस एनडुकाइफे यांचा गट उष्णतेशी भांडण्याऐवजी तिला कामाला लावतो. लेझरने पाणी जरासं तापवायचं, वरून उलटसुलट होणारं विद्युतक्षेत्र लावायचं, त्याने पाण्यात भोवरे उठतात आणि ते दूरवरचे कण वाहून आणतात. २०२० साली त्यांनी दहा नॅनोमीटरच्या आतले कण तापलेल्या जागेपासून लांब, सुरक्षित अंतरावर धरून दाखवले. म्हणजे मासा तांब्यात यायची वाट न बघता टाकीच ढवळली. पुण्याच्या आयसरमध्येही लेझर आणि सोन्याचे नॅनोकण यांच्या उष्णतेने कण जमवण्यावर काम झालंय. एमआयटीमध्ये जेलेना नोटारोस यांच्या गटाने २०२४ साली दुसरी वाट धरली: चिपवर शेकडो बारीक अँटेना मांडून प्रकाश चिपच्या पाच मिलिमीटर वर एका बिंदूत आणला आणि तिथे गोळे धरले, उंदराच्या पेशीही हाताळल्या. चिप कोरडी, नमुना काचेच्या पेटीत वेगळा. धुण्याचा प्रश्न गेला. पण पेशीएवढ्या मोठ्या गोष्टींसाठी हे छान आहे; ओलाव्याचा तो तीव्र उतार पाच मिलिमीटरवर मिळत नाही, त्यामुळे विषाणूसाठी मी एवढ्यात आशा धरणार नाही.

तुम्हाला यात उतरायचंच असेल तर चिप स्वतः बनवायच्या फंदात आधी पडू नका. आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीतल्या नॅनो-सुविधा बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरता याव्यात म्हणून सरकारची आयएनयूपी योजना आहे, तिथे अर्ज करा, आणि जाण्याआधी एखाद्या भिंगाच्या चिमट्यावर महिनाभर हात बसवा. पहिल्या दिवशी विषाणू आणू नका. एक मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीनचे गोळे, गाळलेलं आणि हवा काढलेलं पाणी, थोडं डिटर्जंट. मग पाचशे नॅनोमीटर, मग दोनशे. प्रत्येक टप्प्यावर लेझर हळूहळू कमी करत कण कधी सुटतो ते वहीत लिहा. तो आकडा तुमच्या पकडीचा खरा पुरावा आहे. शंभरच्या खाली गेलात की मला व्हिडिओ पाठवा. फक्त लेझर बंद केल्यानंतरची पाच सेकंदं त्यातून कापू नका, मी आधी तीच बघणार आहे.